आधण आणि मंद आच : घेवड्याच्या भांड्याचा इतिहास

‘मंद आचेवर शिजू द्यावे’ हे वाक्य मराठी पाकपुस्तकांत इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतच नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले, १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. या शंभर वर्षांत मापे बदलली. शेर-पावशेर गेले, वाटी-चमचा आला. आच मात्र मंद, मध्यम नाहीतर प्रखर एवढीच राहिली. मंद म्हणजे किती, असे घरात विचारले तर उत्तर तोंडाने मिळत नाही, हाताने मिळते. पूर्वी चुलीतले लाकूड मागे ओढून मिळायचे, आता गॅसची कळ फिरवून मिळते.

कडधान्य तासन्‌तास शिजत ठेवण्याची चाल जगभर आहे, आणि तिच्यावर भावुक होऊन लिहिणाऱ्यांचीही कमतरता नाही. मला त्या भांड्याचा इतिहास वेगळ्या कारणाने शोधावासा वाटला. ‘मंद आच’ या दोन शब्दांत खरे तर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे लांबलेला वेळ, दुसरी म्हणजे कमी उष्णता. परंपरेने पहिली गोष्ट सांभाळली आणि दुसरीला एका अटीवरच घरात घेतले. ती अट कुठेच ठळकपणे लिहिलेली नव्हती, म्हणून विसाव्या शतकात ती गळून पडली आणि माणसे आजारी पडली. ही हकीकत इंग्लंडमधली आहे. सुरुवात तिथूनच करतो.

१९७६ साली इंग्लंडमध्ये सहलीला गेलेल्या काही शाळकरी मुलांनी रात्रभर भिजवलेला तांबडा राजमा न शिजवताच खाल्ला. दोन-तीन तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या, मागोमाग जुलाब. काही तासांत मुले सावरली, पण डॉक्टर चक्रावले, कारण उलट्या-जुलाबांमागे नेहमी सापडणारे जंतू यात कुठे सापडेनात. पुढच्या चार-पाच वर्षांत अशा आणखी घटना नोंदल्या गेल्या. १९८० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांवर निबंध आला. सगळ्यांनी कच्चेच दाणे खाल्ले होते असे नव्हते. काहींनी राजमा रीतसर शिजवला होता, तोही सहा-आठ तास, त्या काळी इंग्लंडात नव्याने घरोघर आलेल्या विजेच्या स्लो कुकरमध्ये.

दोष राजम्यातल्या एका प्रथिनाचा होता. त्याचे नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. रक्तातल्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवण्याचा त्याचा गुण आहे आणि त्यावरूनच त्याची तीव्रता मोजतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुस्तिकेत दिलेले आकडे बोलके आहेत. कच्च्या तांबड्या राजम्यात ही तीव्रता २०,००० ते ७०,००० एकके, तर नीट शिजलेल्यात २०० ते ४००. चार-पाच कच्चे दाणेही पुरे होतात. पाणी खळखळ उकळत असेल तर हे प्रथिन थोड्या वेळात मोडते. इंग्लंडात दहा मिनिटांचा नियम आहे, अमेरिकेत खात्रीसाठी तीस मिनिटे सांगतात. उलट भांडे ७५-८० अंशांवर रेंगाळले तर आठ तासांनीही ते शिल्लक राहू शकते. त्याच पुस्तिकेत म्हटले आहे की अशा अर्धवट तापवण्याने विषाची तीव्रता कच्च्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकते. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातले पोषणशास्त्रज्ञ आर्नोल्ड बेंडर यांनी या सगळ्याचा छडा लावण्यात मोठा वाटा उचलला. त्यांच्यासमोरचा पेच असा होता की दाणा मऊ झालेला असतो, चव चांगली असते, वास सुंदर असतो. शिजला नाही असे म्हणायला जिभेजवळ काही पुरावाच नसतो.

आता हा दाणा कोणाचा, हे पाहिले पाहिजे.

घेवडा, श्रावण घेवडा, फरसबी, राजमा ही नावे आपण चार भाज्यांची म्हणून वापरतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांतल्या बहुतेक एकाच वेलवर्गीय झाडाच्या अवस्था किंवा जाती आहेत. कोवळी शेंग चिरली की फरसबी (हा ‘फ्रेंच बीन’चा मराठी उच्चार), तीच जून होऊन वाळली आणि दाणे सोलले की राजमा. झाड अमेरिका खंडातले. मेक्सिको आणि अँडीज पर्वताचा प्रदेश अशा दोन ठिकाणी माणसाने ते स्वतंत्रपणे माणसाळवले. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, ही तिथली जुनी शेतीची रीत. पेरूतल्या गिटारेरो गुहेत मिळालेले दाणे पूर्वी आठ-दहा हजार वर्षांपूर्वीचे मानले जात. लॉरेन्स कॅप्लन यांनी प्रत्यक्ष दाण्यांचीच कालमापन चाचणी करवली, तेव्हा ते वय सुमारे चार हजार चारशे वर्षांवर आले. तरीही वय काही कमी नाही.

ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस पलीकडच्या किनाऱ्याला लागला आणि पुढच्याच महिन्यात क्यूबात त्याने आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळ्या शेंगा पाहिल्याची नोंद केली. शब्द मात्र त्याने घरचेच वापरले. नवी वस्तू दिसली की तिला जुन्या वस्तूचे नाव द्यायचे, ही माणसाची खोड. युरोपात ‘फॅसिओलस’ हे नाव रोमन काळापासून चवळीला होते. अमेरिकेतला दाणा आला आणि हळूहळू त्याने ते नाव बळकावले. लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नावे ठरवली तेव्हा ‘फॅसिओलस’ हे कुळनाम पाहुण्याच्या पदरात पडले आणि मूळ मालक चवळीला पुढे दुसऱ्या घरात, ‘विग्ना’ या कुळात जावे लागले.

गंमत अशी की आपल्याकडे अगदी हेच घडले आहे, आणि तेही चवळीच्याच बाबतीत. ‘राजमा’ हा शब्द ‘राजमाष’ या संस्कृत शब्दावरून आला. जम्मू-काश्मीरकडे आजही ‘राजमाश’ म्हणतात. म्हणून राजमा फार प्राचीन भारतीय आहे, असे ठामपणे सांगणारे भेटतात. पण सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त राजमाषाचे पर्याय दिले आहेत ते महामाष, चपल आणि चवल. चवल म्हणजे आपली चवळी. म्हणजे आयुर्वेदाच्या ग्रंथांत राजमाषाचे गुणदोष वाचून जो आज राजम्याचा आहार ठरवतो, तो चवळीचे औषध राजम्याला देतो आहे. हे केवळ शब्दांचे कोडे नाही. चवळीत ते उपद्रवी प्रथिन राजम्याच्या मानाने फारच थोडे असते. चवळी थोडी अर्धकच्ची राहिली तर पोट फुगेल, फार तर दुखेल. नाव आयते मिळालेल्या पाहुण्याचा स्वभाव तेवढा सौम्य नव्हता. तरीही गेली तीन-चारशे वर्षे तो जुन्या जगाच्या भांड्यांत फारसा गाजावाजा न करता शिजत राहिला. ती जुनी भांडी त्याला काबूत ठेवत होती, म्हणून हे जमले.

ती कशी, हे पाहायला विजेच्या स्लो कुकरचाच मागचा माग काढावा लागतो.

अर्विंग नॅक्सन हा शिकागोचा संशोधक. मूळ आडनाव नाखुमसन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वळणाचे आडनाव नको म्हणून घराण्याने ते बदलले. त्याची आई मूळची लिथुआनियाची. शुक्रवारी दुपारी आपली आई मांस, कडधान्य आणि कंदमुळे एका भांड्यात घालून ते गावातल्या पाववाल्याकडे कसे धाडायची, हे ती मुलाला सांगत असे. पाव भाजून झाल्यावर भट्टी विझत जाते, ती ऊब रात्रभर टिकते, शनिवारी दुपारी भांडे घरी येते. त्या पदार्थाचे नाव चोलेंट. या गोष्टीवरून नॅक्सनने विजेवर चालणारे, भोवती तापतार गुंडाळलेले भांडे तयार केले. १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९४० साली ते मिळाले. भांड्याचे नाव त्याने ठेवले ‘नॅक्सन बीनरी’, म्हणजे शेंगदाण्यांचे नव्हे, तर घेवड्या-राजम्याचे घर म्हणू या. १९७० मध्ये त्याचा धंदा रायव्हल नावाच्या कंपनीने विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच यंत्र, थोडे रूप बदलून, ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणले. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी सकाळी बटण दाबावे आणि संध्याकाळी जेवण तयार मिळावे, अशी त्याची जाहिरात होती. ते भांडे धडाक्याने खपले. स्लो कुकरची ती लाट पाच-सहा वर्षांत इंग्लंडलाही पोचली.

ज्या भांड्याचे नावच या दाण्यावरून पडले, त्याच जातीच्या भांड्यात हा दाणा लोकांना बाधला. यामागे नॅक्सनची चूक शोधण्याचे कारण नाही. पाववाल्याची भट्टी आणि टेबलावरचे यंत्र यांत जो फरक होता तो आईच्या गोष्टीत येण्यासारखाच नव्हता. भट्टी आधी प्रखर तापलेली असे, नंतर निवत जाई. यंत्र थंडपासून सुरू होऊन बिचकत बिचकत वर चढते. वेळ दोघांचा सारखा, पण चढण-उतरण उलटी.

चोलेंटमागचा धर्मनियम तर याहून मार्मिक आहे. ज्यूंच्या शब्बाथात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही आणि स्वयंपाक करायचा नाही. पण गरम जेवण मात्र असावे. या दोन गोष्टींचा मेळ घालताना इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ‘मिश्ना’ या धर्मसंहितेने स्वयंपाकघराचे जे बारकावे नोंदले आहेत, ते वाचताना मला तरी आपल्याच आजीच्या चुलीशी बसल्यासारखे वाटले. भांडे निखाऱ्यांवर ठेवायचे असेल तर निखारे काढून टाकावेत किंवा त्यांवर राख पसरावी. भांडे कशात पुरून ठेवावे याचीही यादी आहे. शेण, मीठ, चुना, वाळू यांत नको, कारण ती आणखी उष्णता देतात. कापड, धान्य, कबुतराची पिसे, सुताराचा भुसा चालेल, कारण ती असलेली ऊब फक्त राखतात. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी की अन्न सूर्यास्तापूर्वीच एका मर्यादेपर्यंत शिजलेले हवे. ती मर्यादा सांगण्यासाठी तालमुदकारांनी बेन द्रोसाई नावाच्या एका दरोडेखोराचा दाखला घेतला. हा गडी घाईत असल्याने अर्धेकच्चेच खाई. त्याला चालेल इतके तरी अन्न आधी शिजलेले असावे. फ्रान्सच्या राशी या टीकाकाराने त्याचा अर्थ एक तृतीयांश केला, मैमोनिदेसने अर्धे. कारण धार्मिक होते. अन्न अगदीच कच्चे राहिले तर माणूस अधीर होऊन निखारे हलवील आणि पाप घडेल, ही भीती. विषाचा त्यात विचार नव्हता आणि हा अमेरिकन दाणा तर तेव्हा जुन्या जगात आलाच नव्हता. त्यांच्या भांड्यात बाकल्याच्या जातीचे दाणे, हरभरा, गहू असे. पण नियमाचा परिणाम असा झाला की जे भांडे रात्रभर मंद ऊबेत राहायचे, ते ऊबेत जाण्यापूर्वी खळखळून उकळलेले असे. शतकांनी राजमा त्या भांड्यात उतरला तेव्हा त्याला जाच करायला हीच अट तयार होती.

चोलेंटचा पहिला लेखी उल्लेख तेराव्या शतकात सापडतो. व्हिएन्नाचे इसहाक बेन मोशे यांनी फ्रान्समधल्या आपल्या गुरूंच्या घरी ते पाहिल्याचे लिहिले आहे. स्पेनमध्ये त्याच जातीच्या पदार्थाला अदाफिना म्हणत. पुढे तिथल्या ज्यूंना बाप्तिस्मा घ्यायला लावले गेले आणि धर्मचौकशीचे न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. कोणी छुपा ज्यू आहे हे ओळखायच्या खुणा चर्चमधून वाचून दाखवल्या जात. शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, आणि शुक्रवारीच शनिवारचे अन्न मंद विस्तवावर चढवून ठेवणे. म्हणजे चुलीवरचे भांडे न्यायालयात साक्षीदार झाले. शेजाऱ्याच्या घरातून शनिवारी धूर निघत नाही, एवढे सांगितले तरी संशय पक्का व्हायचा. हे न्यायालय १५६० साली गोव्यातही बसले. ज्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला त्या गार्सिया द ओर्ताची बहीण कातारिना हिला छुपे ज्यूपण पाळल्याबद्दल १५६९ साली तिथे जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली. मिरची, काजू, बटाटा असे अमेरिकेतले जिन्नस आपल्याकडे आणणारे पोर्तुगीज हेच. एका हाताने नवे बी, दुसऱ्या हाताने ही चौकशी. आज गोव्याच्या ख्रिस्ती घरांत रविवारी शिजणारी फेजोआद, म्हणजे चोरिस घातलेले राजमा-चवळीचे भांडे, पोर्तुगीज वळणाचे आहे.

गोव्याच्या उत्तरेला, कुलाब्याच्या किनाऱ्यावर मात्र शनिवार पाळणारे लोक शतकानुशतके निर्धास्त राहिले. बेने इस्राएल समाजाचा धंदा तेलघाण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कोणी त्यांचे भांडे हुंगायला गेले नाही. हा उल्लेख इथे करण्याचे कारण असे की त्याच पट्ट्यातला, आजच्या रायगडातला वाल हे मंद शिजणाऱ्या कडधान्यांतले आपले फार जुने पीक.

वाल आणि पावटा अमेरिकेचे नव्हेत, त्यांचे मूळ आफ्रिकेत. पण ते इतके आधी आले की त्यांना पाहुणे म्हणणे अवघड. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातले वालाचे जळके दाणे मिळाले आहेत. संस्कृतात याला निष्पाव म्हणतात आणि बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त निष्पावाची गाठ पडते. त्याच ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात डाळी हिंगाचे पाणी, हळद आणि सैंधव घालून हलक्या विस्तवावर शिजवण्याची रीत आहे. कोकणात भात कापला की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. हिवाळ्यात शेंगा भरल्या की शेतातच मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, मडके उपडे करून, भोवती जाळ लावून पोपटी लावतात. ती मौजेची गोष्ट झाली. घरातला रोजचा वाल कडू असतो, आणि त्याचा कडवेपणा घालवायला जी खटपट लागते ती मौजेची नाही.

वाल रात्रभर भिजवायचे. ते पाणी फेकून द्यायचे, झाडालासुद्धा घालायचे नाही असे काही घरांत सांगतात. मग फडक्यात बांधून मोड आणायचे. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा डाळिंब्या हाती येतात. मग त्या उकळत्या पाण्यात. दोन दिवसांचे काम. कच्च्या वालात पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात, आणि सायनाइड सुटू शकेल अशी संयुगेही थोडी असतात. भिजवणे, पाणी टाकणे, मोड आणणे, सोलणे, उकळणे या प्रत्येक पायरीवर त्यांतले काही ना काही कमी होते. बिरडे करणाऱ्या बाईला ही नावे ठाऊक नव्हती. पायऱ्या ठाऊक होत्या, आणि एकही पायरी गाळायची तिची तयारी नसे.

आणि तिची चूल. मराठी चुलीला मुख्य तोंडाशेजारी एक दुसरे तोंड असायचे, त्याला वैल म्हणतात. लाकडे मुख्य तोंडाखाली, वैलाखाली फक्त आतून आलेली झळ. आधण चुलीवर ठेवायचे. आधण म्हणजे अन्न शिजवण्यासाठी उकळायला ठेवलेले पाणी. या शब्दातच उकळी आहे. आधण आले की डाळ-कडधान्य वैरायचे, त्याला पुन्हा दणदणीत उकळी येऊ द्यायची, फेस काढायचा आणि मगच भांडे वैलावर सरकवायचे. तिथे ते रटरटत राहायचे. चूल आणि वैल या दोन तोंडांत मला बेन द्रोसाईचा नियम मातीत लिंपलेला दिसतो. मी घरी गॅसवर मातीच्या मडक्यात थर्मामीटर धरून पाहिले. एकदा उकळलेले मडके सगळ्यात बारीक ज्योतीवर ठेवले तरी तळातून बुडबुडे येत आहेत तोवर पारा नव्वदच्या खाली गेला नाही. आपल्या भाषेतली मंद आच म्हणजे ही. तिच्यात आणि पंचाहत्तर अंशांत फार मोठे अंतर आहे.

मग इतका वेळ तरी का लागत असे? दाणा जुना झाला, विशेषतः पावसाळी दमट हवेत साठवलेला असला, की त्याच्या पेशींना जोडणारे पेक्टिन कॅल्शियमशी घट्ट बांधले जाते आणि पाण्यात सुटत नाही. क्षारयुक्त जड पाण्यात हेच होते. ‘त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी. आंबट घातले तर पेक्टिन आणखी हट्टी होते, यासाठी चिंच-आमसूल शेवटी घालायचे. इतके करूनही एखादा दाणा टणकच राहतो. त्याला मराठीत गणंग म्हणतात, आणि माणसांतही गणंग असतात हे भाषेने लगेच ओळखले.

विसाव्या शतकात या भांड्याचे आपल्याकडे काय झाले, ते थोडक्यात सांगता येते. १९१० च्या सुमारास कलकत्त्यात इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर बनवला. खाली कोळशाची छोटी शेगडी, वर पाणी आणि त्यावर एकावर एक डबे. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या उतरंडीवरून त्यांना कल्पना सुचली असे सांगतात. कोळसे पेटवून माणूस कामाला जाई, परत येईपर्यंत भात-डाळ तयार. नॅक्सनच्या आधी पंचवीस वर्षे हा आपला स्लो कुकर. पण त्यातले पाणी उकळत असे, वाफ शंभर अंशांची. म्हणून त्यात वेळ होता आणि उष्णताही होती. १९५९ च्या आसपास हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे प्रेशर कुकर भारतात बनू लागले. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये दाखवलेल्या यंत्राचा हा वंशज. त्यात पाणी १२० अंशांच्या आसपास जाते, राजम्यातल्या त्या प्रथिनाचा निकाल लागतो आणि गणंगही नरमतात. मंद-मध्यम-प्रखर जाऊन ‘चार शिट्ट्या’ हे नवे माप आले, आणि मराठी स्वयंपाकघरात मोजता येण्याजोगे उष्णतेचे हेच पहिले माप असावे. चूल आणि वैलाचा वारसा असा दोन ठिकाणी वाटला गेला. प्रेशर कुकरने उष्णता घेतली आणि वेळ सोडला. स्लो कुकरने वेळ घेतला आणि उष्णता सोडली.

यातला कोणता वाटा चांगला यावर माझे मत स्पष्ट आहे. चुलीवरच्या चवीच्या आठवणी सांगणाऱ्यांनी त्या चुलीसमोर कोण बसले होते हेही सांगावे. तीन तास रटरटणाऱ्या भांड्यासाठी लाकूडफाटा कोणीतरी डोक्यावरून आणलेला असे, गोवऱ्या कोणीतरी थापलेल्या असत, फुंकणी कोणाच्या तरी तोंडात असे आणि धूर तिच्याच डोळ्यांत जाई. ज्या दिवशी तिला चार शिट्ट्यांत उसळ मिळाली त्या दिवशी तिने वैलाची खंत केली नाही, आणि बरोबरच केले. आता शहरांत विजेचे स्लो कुकर पुन्हा येत आहेत, ‘पारंपरिक मंद आच’ असे नाव लावून. तिथे मात्र मी हरकत घेईन, कारण परंपरेत आधण होते आणि या यंत्रात ते नाही. चांगल्या कंपन्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहितात की राजमा यात घालण्यापूर्वी दहा मिनिटे उकळून घ्यावा. ती ओळ कोणी वाचत नाही. २००६ साली जपानात दूरचित्रवाणीवर पांढरा घेवडा तीन मिनिटे भाजून, पूड करून भातावर घ्यायला सांगितले गेले, वजन उतरते म्हणून. शेकडो लोक आजारी पडले. भाजल्याचा खमंग वास सगळ्यांना आला होता.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात पिकणारा वाघ्या घेवडा हा याच अमेरिकन जातीचा. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इतक्या दुरून आलेला दाणा गावाचे नाव लावून मिरवतो आणि गावालाही त्यात वावगे वाटत नाही. हा घेवडा मी असा शिजवतो. रात्रभर भिजवून पाणी ओतून टाकतो. ताज्या पाण्यात, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर अर्धा तास खळखळू देतो, वर आलेला फेस काढतो. मग ज्योत बारीक करून झाकण ठेवतो आणि झाकणावर पाणी. तास-दीड तासाने दाणा बोटांत धरून दाबला की पिठासारखा फुटतो, साल मात्र शाबूत असते. मग लसूण आणि कांद्याची फोडणी, काळा मसाला, गूळ. आमसूल अगदी शेवटी.